वाघदऱ्याच्या अलीकडचा पाऊस

मागच्या महिन्यात नागोराव गेले. डेपोच्या फळ्यावर श्रद्धांजलीचा कागद लागला. त्यात लिहिलं होतं, 'शांत, शिस्तप्रिय व आज्ञाधारक चालक.' मी तो कागद उभ्यानेच दोनदा वाचला आणि शेजारच्या क्लार्कला विचारलं, हे कोणी लिहिलं? तो म्हणाला, सगळ्यांसाठी हाच मजकूर असतो, फक्त नाव बदलतो.

मी नागोरावांबरोबर अकरा वर्षं कंडक्टर म्हणून काम केलं. माझ्या माहितीत त्या काळात त्यांना पाच मेमो मिळाले आणि पाचही त्यांनी जपून ठेवले होते, पोरींच्या लग्नपत्रिकांच्या पिशवीत. त्यांना आज्ञाधारक म्हणणं म्हणजे त्यांच्या माघारी दिलेला सहावा मेमो आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आमची गाडी आदिलाबादहून निघायची, हायवेने गुडीहत्नूरला यायची आणि तिथून फुटून, वाघदऱ्याचा घाट चढून गट्टेपेटला जायची. पुढे उटनूरचा रस्ता. घाटाच्या अलीकडे, डोंगराच्या अगदी पायाशी हरणकुंडी हे नागोरावांचं गाव. शे-सव्वाशे घरं, सगळी कापूस आणि ज्वारीवाली. गाव रस्त्यालाच लागून आहे आणि नागोरावांचं घर तर इतकं लागून, की त्यांची बायको अंगणातून हात उंचावून त्यांना डबा द्यायची आणि ते गाडी पूर्ण न थांबवता घ्यायचे. हा मेमो नंबर एक.

पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी मला त्यांचा खेळ दाखवला. घाटमाथ्यावर धो धो पाऊस. गाडी उतरत होती, काचेवर काही दिसत नव्हतं, वायपर खटखट करत होता. एका वळणाच्या आधी त्यांनी वायपर बंद केला. मागून एक म्हातारा ओरडला, "अरे, काच पूस ना, मारतं का आमाले?" वळण संपलं आणि पाऊसही संपला. पुढे रस्ता कोरडा. धूळसुद्धा बसलेली नव्हती.

"कसं काय?" मी विचारलं.

"मी नाई करत बाई, डोंगर करते," ते म्हणाले. "ढग म्हन्जे ओव्हरलोड गाडी समजा. तिकडून भरून येते. समोर चढ आला. आता लोड घेऊन चढनं होत नाई, तर काय करन? उतरवते लोड. सगळं त्या बाजूनं अन् माथ्यावर. वर आला का रिकामा. मग इकडे उतरते तवा नुसती बॉडी वाजते."

"आणि खाली?"

"खाली आमचा गाव हाय. रिकाम्या गाडीकडे पाहत बसलेला."

त्यांच्याकडे एक शाळेची वही असायची, सीटच्या मागे खोचलेली. त्यात प्रत्येक ट्रिपचं लिहिलेलं असे: तारीख, पाऊस कुठल्या किलोमीटरच्या दगडापाशी लागला, कुठल्या दगडापाशी सुटला. उतरताना बहुतेक वेळा एकच आकडा असे, चौदा. चौदावा दगड म्हणजे ते वळण. हरणकुंडी नवव्या दगडावर. एकदा त्यांनी मला म्हटलं, तुमच्या वेबिलाच्या मागच्या बाजूला जागा असते, तिथेही हे लिहीत जा, सरकारी कागदावर राहील. मी सरळ नाही म्हणाले. वेबिल हे तिकिटांचा हिशोब ठेवायला असतं, ढगांचा नाही. ते रागावले नाहीत. "तुमचं बरोबर हाय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही.

थंडीत त्यांचं सगळंच उलटं. घाट चढताना लोक स्वेटर घालायचे, हे काढायचे. उतरताना लोक काढायचे, हे घालायचे. सकाळच्या पहिल्या ट्रिपला हसणारे पुष्कळ असत. हरणकुंडीच्या आधी नाल्याचा खोलगट भाग आहे, तिथे गाडी शिरली की हसणाऱ्यांचे दात वाजायला लागत. रात्रभर थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि खोलात साचते, असं ते सांगत. वर उलट ऊबदार असतं. मी विश्वास ठेवला नव्हता, मग एकदा कुडकुडले आणि ठेवला. माझं असंच आहे.

त्यांच्या हट्टाची चुणूक डेपोला दिसली ती वायपरवरून. जुलै महिना होता. गाडीच्या वायपरचं रबर पार झिजलेलं. नागोरावांनी आदल्या दिवशी रजिस्टरला नोंद केली होती. सकाळी गाडी तशीच समोर. आदिलाबादला लख्ख ऊन. मेकॅनिक म्हणाला, "नागोरावभाऊ, आभाळात ढगाचा पत्ता नाई. काऊन सकाळी सकाळी डोकं खाऊन राह्यले?"

"मी गाडी डेपोत फिरवून राह्यलो का?" नागोराव म्हणाले. "घाटात चालवून राह्यलो."

त्यांनी गाडी काढली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. प्रवासी माझ्यावर ओरडायला लागले, कारण ड्रायव्हर उत्तर देत नव्हता. शेवटी डेपोचे साहेब खाली आले. ते नवे होते, मैदानी मुलखातले, त्यांनी हात डोळ्यावर धरून आभाळ पाहिलं आणि सांगितलं की हे सरळ सरळ कामचुकारपण आहे. नागोराव म्हणाले, "साहेब, तुमी समोर बसा. माथ्यावर पानी नाई लागलं तर मी तिथंच राजीनामा लिहून देतो. कागद बाईंकडे हाय." माझ्याकडे कागद नव्हता, पण मी मान हलवली.

साहेब इरेला पेटून बसले. गुडीहत्नूरपर्यंत ऊन. हरणकुंडीत ऊन, बाया धान्य वाळवत बसलेल्या. चौदाव्या दगडाच्या वळणावर पहिले थेंब आले आणि माथ्यावर असं पाणी लागलं की पुढचं बोनेटसुद्धा दिसेना. नागोरावांनी गाडी कडेला घेतली आणि हात जोडून बसले. "आता हुकूम करा." साहेबांनी आधी रुमाल, मग वर्तमानपत्र बाहेर काढून काच पुसली. गट्टेपेटला उतरले तेव्हा त्यांची उजवी बाही खांद्यापर्यंत भिजली होती. मेमो त्यांनी तरीही दिला, उद्धट बोलल्याबद्दल. पण दुसऱ्या दिवशी रबर नवं होतं.

मग तेलंगणा राज्य वेगळं झालं, आणि दोनेक वर्षांनी जिल्ह्याचे तुकडे पडले. दसऱ्याच्या दिवशी नवे जिल्हे, नवी मंडलं, म्हणजे छोटे तालुकेच. डेपोत पेढे वाटले गेले. आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि आमच्या रूटवर गट्टेपेट हे नवं मंडल झालं. हरणकुंडी तोपर्यंत खालच्या, मैदानातल्या मंडलात होती. ती उचलून गट्टेपेटला जोडली. नकाशावर अंतर चौदा किलोमीटर, जुन्या ठिकाणापेक्षा कितीतरी कमी. कागदावर गावाची सोयच झाली होती.

नागोरावांनी पेढा खाल्ला आणि हात पुसत म्हणाले, "माझा बाप निजामात जन्मला. मी आंध्रात. माझा नातू तेलंगणात. गाव तिथंच, डोंगर तिथंच. पहिल्यांदा कोनीतरी आमाले डोंगराच्या त्या बाजूला नेऊन बसवलं."

तेव्हा मला यात एवढं काय आहे ते कळलं नाही. उन्हाळ्यात कळलं. दुष्काळी गावांची यादी मंडलाच्या पावसावरून ठरते आणि मंडलाचा पाऊस म्हणजे मंडलाच्या ठिकाणी बसवलेल्या पर्जन्यमापकात पडलेलं पाणी. गट्टेपेट माथ्यावर. त्याच्या मापकात पाऊस भरपूर. त्यामुळे गट्टेपेट मंडल सुखी, त्यातली सगळी गावं सुखी, हरणकुंडीही सुखी. दरवर्षी उन्हाळ्यात तिथे पाण्याचा टँकर यायचा, तो त्या वर्षी आला नाही. गावातल्या विहिरी फेब्रुवारीतच तळाला जातात. बाया नाल्यात खड्डे खणून वाटीवाटीने पाणी भरायला लागल्या. सकाळच्या ट्रिपला आम्हाला ती रांग दिसायची. नागोराव त्या रांगेशी आले की हॉर्न द्यायचे नाहीत.

त्यांनी दरखास्त दिली. दरखास्त हा त्यांचा शब्द, अर्ज म्हटलं की त्यांना हलकं वाटायचं. मागणी एकच: हरणकुंडीत वेगळं पर्जन्यमापक बसवा आणि आमचा पाऊस आमच्या नावाने लिहा. सोबत वायपरच्या वह्या, सगळ्या. मला साक्षीला घेऊन गट्टेपेटच्या तहसीलला गेले, गाडीला तिथे मधली पाऊण तासाची सुटी असते तेव्हा.

तहसीलच्या कारकुनाने वह्या चाळल्या. तो तेलुगू बोलणारा, आमच्याशी हिंदीत बोलला. एक पान उघडून त्याने बोट ठेवलं. "बारिश चौदा नंबर के पत्थर तक आती है. आपने ही लिखा है ना?"

"हो. चौदापर्यंतच."

"और हरणकुंडी कौन से पत्थर पे है? जाके देखो."

आम्ही परतताना पाहिलं. नवं मंडल झाल्यावर रस्त्याचे दगड नव्याने रंगवले होते आणि आकडे आता गट्टेपेटपासून मोजले होते. पूर्वी ते हायवेपासून मोजायचे. रंग आम्हाला रोज दिसत होता, पाठ असलेले आकडे पुन्हा वाचायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नागोरावांच्या घरासमोर पिवळ्या पांढऱ्या रंगात कोरा चौदा उभा होता. वळणावरच्या दगडावर नऊ. इतक्या वर्षांच्या वह्या आता शपथेवर सांगत होत्या की पाऊस थेट नागोरावांच्या अंगणापर्यंत येतो.

ते गाडीतून उतरले, दगडाशेजारी उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील. ते म्हणाले, "माझी चूक हाय. मी सरकारच्या दगडावर भरोसा ठेवला. डोंगराचं नाव लिहायला पाह्यजे होतं." आणि गाडीत येऊन बसले. टाइम झाला होता.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी तेलाचे दोन पत्र्याचे डबे आणले, पंधरा किलोवाले, अगदी सारखे. वरची झाकणं कापून टाकली. एक गट्टेपेटच्या स्टँडमागे चहावाल्याच्या मोकळ्या ओट्यावर, एक हरणकुंडीत घराच्या गच्चीवर. सकाळी दुसऱ्या ट्रिपला खालचा डबा गाडीत घ्यायचे, वरचा गट्टेपेटला उचलायचे, गाडी तहसीलसमोर उभी करायचे आणि दोन हातांत दोन डबे घेऊन आत जायचे. डबे कारकुनाच्या टेबलावर. एकात चार बोटं पाणी, दुसऱ्यात गंज.

"रोज आएंगे क्या?" कारकुनाने विचारलं.

"पाऊस पडला का येतो. नाई पडला तर काऊन येऊ? मले दुसरे धंदे नाई का?"

कारकून पहिल्यांदा म्हणाला, तुम्ही खालचं पाणी वाटेत फेकलं असेल. त्याचं बरोबर होतं, मीही तेच म्हणाले असते. मग नागोरावांनी डबा माझ्या सीटशेजारी ठेवायला सुरुवात केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं. माझं माहेर इचोड्याचं, घर आदिलाबादला, नळाला पाणी. पण रिकामा डबा रिकामा असतो, तेवढं मला दिसत होतं. मी रोज एका चिठ्ठीवर लिहायला लागले, 'हरणकुंडी येथे डबा घेतला तेव्हा कोरडा', खाली सही आणि बिल्ला नंबर. वेबिलावर नाही. वेबिलावर मी शेवटपर्यंत लिहिलं नाही.

प्रवाशांना सवय झाली. रोजचे लोक डबा पाहून पैजा लावायचे. एका बाईने विचारलं, "कंडक्टरबाई, डब्याचं तिकीट फाडलं का?" नागोराव समोरून म्हणाले, "अर्धं फाडा. रिकामाच हाय."

तक्रार झालीच. गाडी कचेरीसमोर चार मिनिटं उभी राहते. मेमो नंबर पाच. निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि डेपोने स्पष्ट कळवलं की पुन्हा असं झालं तर रूट बदलू. त्यांनी जबाब मला लिहायला सांगितला, माझं अक्षर चांगलं म्हणून. मजकूर त्यांचाच: 'चार मिनिटे थांबलो हे खरे आहे. गाडी एकदाही उशिरा पोहोचलेली नाही हेही खरे आहे. रूट बदलल्यास नवीन रूटवरूनही डबे आणता येतात.' मी म्हटलं, शेवटचं वाक्य काढू या. ते म्हणाले, मग बाकीचं लिहिलं काऊन?

ऑगस्ट संपत आला तेव्हा तहसीलदार स्वतः पाहणीला येणार असं ठरलं. तरुण अधिकारी, डब्यांना कंटाळलेला. गावाला आठ दिवस आधी कळलं. तीन आठवडे खाली थेंब नव्हता, कापसाची पानं दुपारी माना टाकत होती. लोक म्हणाले, बरं झालं, साहेब डोळ्यांनी पाहील. आमची दुपारची गाडी हरणकुंडीत पोहोचली तेव्हा साहेबांची जीप उभीच होती. आणि त्याच वेळी पाऊस आला.

डोंगराकडून नाही. पैनगंगेच्या बाजूने, मैदानातून काळा ढग उठला, गडगडला आणि गावावर रिकामा झाला. अर्ध्या तासात रस्त्यावरून लाल पाणी वाहायला लागलं. सगळं गाव शाळेच्या व्हरांड्यात दाटीवाटीने उभं, आणि कोणाच्या तोंडावर आनंद नाही. तीन आठवडे ज्याची वाट पाहिली तो पाऊस पडत होता आणि लोक चोरी पकडल्यासारखे उभे होते. सरपंच मला हळूच म्हणाला, "याले आजच यायचं होतं."

कारकून छत्रीतून हसत आला. "क्या ड्रायवर साब, आपका गाव तो भीग रहा है."

नागोराव व्हरांड्यात उभे राहिले नव्हते. ते पावसात साहेबांच्या जीपशेजारी होते, टोपी काढलेली.

"लिहा साहेब," ते म्हणाले. "जे पडून राह्यलं ते लिहा."

साहेब म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं खोटं, असं लिहू?"

"माझं म्हननं काय होतं? इकडे कधीच पडत नाई, असं मी म्हटलं का? मिसल काढा, माझी दरखास्त वाचा. मी म्हटलं, वरचा पाऊस आमचा नाई. आता गट्टेपेटले फोन लावा. विचारा, तिथं काय हाय."

साहेबांनी फोन लावला. आम्हाला फक्त इकडचं ऐकू येत होतं. "वान? लेदा? असलु लेदा?" पाऊस? नाही? अजिबात नाही? फोन खिशात ठेवून त्यांनी डोंगराकडे पाहिलं. माथ्यावर ऊन होतं, खालूनही दिसत होतं, पिवळंधमक.

"उद्या सकाळी तुमच्या मापकात काय निघन?" नागोराव म्हणाले. "काई नाई. मंग मंडलात आज पाऊस झालाच नाई. हे एवढे लोक ओले कायनं झाले, ते कोनत्या रकान्यात लिहाल?"

व्हरांड्यात कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. साहेबही. कारकून नाही. त्याच्या पायजम्याला चिखल लागला होता.

मंजुरी आली, पण अटीसह. मापकाला चारी बाजूंनी मोकळी जागा हवी, जवळ भिंत नको, झाड नको. शाळेला इमारत आणि चिंचा. पंचायतीसमोर पाण्याची टाकी. शेतात बसवलं तर रात्री कोण राखणार. मोजून मोजून शेवटी एकच जागा उरली, नागोरावांचं अंगण. फक्त तिथला कडुलिंब पाडावा लागणार होता. हरणकुंडीत उन्हाळ्यात डोंगरावरून उतरणारा वारा भट्टीसारखा असतो आणि त्या रस्त्यावर ती एवढीच मोठी सावली होती.

त्यांची बायको, लीलाकाकू, मला दारातून ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरी या झाडाखाली वाढवल्या मी. आता मे महिन्यात बसायचं कुठं?"

"टँकरच्या सावलीत," नागोराव म्हणाले.

मापक बसलं. पुढच्या पावसाळ्यापासून हरणकुंडीचा पाऊस वेगळ्या रकान्यात जाऊ लागला आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात यादीत गावाचं नाव आलं. टँकर आला. हे मला इतरांकडून कळलं, कारण तोवर मला हायवेची ड्यूटी लागली होती. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, त्यांच्या निवृत्तीनंतर दोनेक महिन्यांनी.

भर दुपार होती. गाडीवर नवा ड्रायव्हर. हरणकुंडीत शिरलो तर रस्त्यात लिंबाची भलीमोठी फांदी आडवी पडलेली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. नागोराव झाडावर, दोन फांद्यांच्या बेचक्यात पाय रोवून, करवत चालवत होते. खाली लीलाकाकू ओट्यावर पाठ फिरवून बसली होती. मजूर का लावला नाही, असं मी ओरडून विचारलं. ते म्हणाले, "माझं झाड हाय. दुसऱ्याच्या हातानं काऊन पाडू?"

ड्रायव्हर म्हणाला, "काका, फांदी बाजूला करा, लेट होऊन राह्यलो."

"चाळीस लोक भरले हाय गाडीत. उतरवा अन् उचला."

मी प्रवाशांना उतरवलं. आम्ही फांदी ओढून कडेला केली, माझ्या हाताला चिकट रस लागला. ते खाली आले नाहीत. मी डबल बेल दिली. गाडी घाटाला लागली, पहिल्या वळणावरून मी खिडकीतून मागे पाहिलं. अर्धं झाड उभं होतं, अर्ध्या अंगणात ऊन उतरलं होतं, आणि नागोराव त्या उन्हाकडे पाठ करून पुढच्या फांदीवर सरकत होते.